जाळं गोल पडेपर्यंत

६ ऑक्टोबर, रविवार

कृषी केंद्रातून फुकट मिळालेली ही डायरी. जानेवारीपासून आजपर्यंत सगळी पानं कोरी. म्हणजे नऊ महिने रीताबाईच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही म्हणायचं. आज घडलं.

सकाळी टेकचंदभाऊ आले, आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. गावचा तलाव आम्हा ढिवरांच्या सोसायटीकडे आहे आणि त्यात आमच्या घराचा एक हिस्सा आहे. कार्तिकी पुनव झाली की पुढच्या रविवारी जाळंपूजा असते. त्या दिवशी प्रत्येक हिस्सेदारानं छोट्या नावेत, डोंग्यात उभं राहून सगळ्यांसमोर फेकजाळं टाकायचं. तीन संधी. एकदा तरी जाळं पाण्यावर गोल पडलं पाहिजे. नाही पडलं तर हिस्सा यादीतल्या पुढच्या माणसाला. तलाव हात चालवणाऱ्याचा, बसून खाणाऱ्याचा नाही, असं जुनी माणसं सांगत. यादीत पुढचा विक्की आहे, टेकचंदभाऊंचाच पुतण्या.

आमचे हे म्हणाले, "माया खांदा धरला भाऊ. यंदा मायाच्यानं होत नाही. घरचं कोणी फेकलं त चालन ना?"

"चालन. पण तुया घरी हाये कोण? पोरगी त भंडाऱ्याले होस्टेलात."

"रीता हाये ना."

मी चहा गाळत होते. अर्धा चहा बशीत गेला. टेकचंदभाऊ हसले नाहीत, उलट जरा विचारात पडले. बाईनं फेकू नये असं कागदात नाही, म्हणाले, पण आजवर कोणी फेकलंही नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "मले विचारलं काय जी तुम्ही?"

"आता विचारून राहिलो."

बापा! असं असतं का विचारणं? पण हिस्सा गेला तर मी लाखांदूरच्या बाजारात टोपली कशाची नेऊ? वीस वर्षं मासळी विकते आहे. दुसरं काही येत नाही मला. हो म्हटलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

मला वाटलं होतं, यात शिकायचं काय? वीस वर्षं काठावर बसून यांचं जाळं फेकणं पाहिलं. दोरी मनगटाला, जाळ्याची अर्धी घडी कोपरावर, काठाची एक शिशाची गोळी दातात, बाकी घेर दुसऱ्या हातात, कंबर फिरवली की झालं. सगळं पाठ. अंगणात कोरडं जाळं घेतलं आणि फेकलं. धप्! ओल्या लुगड्याचा पिळा पडावा तसं समोर पडलं. गोळी दातातून सोडायची राहिली, दात अजून ठणकतो आहे.

पाहणं आणि करणं यांच्या मधे काय असतं कोण जाणे. डोळ्यांना सगळं माहीत आहे, पण हाताला कोणी सांगितलंच नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

हे माझ्या समोर दहा पावलांवर उभे राहतात, रिकाम्या हातांनी करून दाखवतात, मी तसंच करते. आज तिसरा दिवस. रोज एकच शेरा, "आवाज बरोबर नाही." अहो, जाळं बघा की, आवाज काय ऐकता! पण नाही. मान एका बाजूला करून, कान देऊन उभे.

संध्याकाळी सासूबाई परसातून आल्या आणि क्षणभर पाहून कपाळावर हात मारला. "अवं रीता, तू डावखुरी कवापासून झाली?"

अरे देवा! हे समोर उभे, त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला. मी आरशात बघून केल्यासारखं सगळं उलटं केलेलं. तीन दिवस डाव्या हातानं फेकते आहे आणि या गुरुजींना कळलं नाही! समोर उभं राहून! मी चांगलीच बोलले. "लक्ष कोठी असते जी तुमचं?" हे मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माय." भांडायला उभं राहिलेल्या माणसाला असं म्हटलं की भांडणाची मजाच जाते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

उजव्या हातानं पहिल्यापासून. गंमत अशी की हात आता उलट्याचीच सवय धरून बसला आहे. तीन दिवसांची सवय, पण सोडायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागणार असं दिसतं. चुकीचं इतक्या लवकर का शिकतो आपण?

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा, पाहुणे, बाजार. तीन दिवस जाळ्याला हात लावला नाही. आज घाबरत घाबरत घेतलं, होतं नव्हतं तेही गेलं असणार म्हणून. तर पहिल्याच फेकीला गुरुवारपेक्षा बरं! हात आपोआप उजवीकडे गेला. मी तीन दिवस पुऱ्या तळल्या, मग सराव कोणी केला? सासूबाई म्हणतात, मुरते. लोणच्यासारखं. मला पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.

आज पाण्याची पितळी गुंड हलवली म्हणून घरात महाभारत. पाहुण्यांसाठी पाण्याची गुंड दाराच्या उजव्या अंगाला ठेवली होती, तर हे तिला धडकले, सगळं पाणी सांडलं. वर ओरडले माझ्यावरच. "जिथली वस्तू तिथी असू दे म्हणून किती खेपा सांगू तुले?" एवढी मोठी पितळी गुंड दिसत नाही का माणसाला? वय झालं की माणूस खेकसायला लागतो. माझे वडीलही असेच होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज अंगणातून तलावावर. काठावरून, ओल्या जाळ्यानं. ओलं जाळं म्हणजे दुप्पट वजन. अंगणात जमलेलं सगळं पाण्यात गेलं, म्हणजे खरंच पाण्यात, माझ्या पायापाशीच.

जाताना तलावाच्या पाळीवरून, त्या अरुंद बांधावरून, यांनी मला पुढे चालायला लावलं. "तू समोर चाल, मी तुयी चाल पायतो. जाळं पायातून फेकलं जाते." म्हणजे आता चालण्यातही चुका काढणार! मी मुद्दाम ठसक्यात, पाय आपटत चालले. यांना उलट बरं वाटलेलं दिसलं. "अशीच चाल," म्हणाले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडाभर ओलं जाळं फेकलं. आज जाळं वाळलेलं होतं, सहज अंगणात फेकून पाहिलं तर ते कुंपणाच्या पलीकडे, शेजारच्या धुरपताबाईच्या तुरीत! हातानं ओल्याचं वजन धरून ठेवलं होतं. डोक्याला माहीत की जाळं कोरडं आहे, पण हाताला त्याचं काय! पाच-सहा फेकांनंतर हात ताळ्यावर आला. परत ओलं घेतलं, तर पहिली फेक तोकडी, पण दुसरीलाच जमलं. म्हणजे ओल्याचं विसरला नव्हता. दोन्ही कुठंतरी जपून ठेवतो वाटतं, गोधड्या नि चादरी वेगळ्या ठेवतात तशा. मला हे फार मजेचं वाटलं. स्वयंपाक करताना दहादा आठवलं आणि भाकर करपली.

धुरपताबाईनं तुरीची फांदी मोडल्याचं ऐकवलं ते वेगळंच.

२७ ऑक्टोबर, रविवार

सडा टाकत होते आणि एकदम उजेड पडला. शेणाचं पाणी कसं पसरतं! अर्ध्या अंगणभर, एका हिसक्यात. हेच की जाळ्याचं! सडा काय, मी लहानपणापासून टाकते. सडा सोडून तलावावर पळाले. यांनाही ओढत नेलं. फेकलं.

जाळं पसरलं! पण पट्ट्यासारखं. लांबच लांब, अरुंद. त्यात मासा काय, साप अडकेल सरळ झोपलेला. सडा पुढं पसरतो, जाळ्याला सगळीकडं पसरायचं असतं. हे काठावर बसून पोट धरून हसले. खूप दिवसांनी हसले. मग मीही हसले.

२८ ऑक्टोबर, सोमवार

आज खरी चूक सापडली, आणि ती सासूबाईंनी दाखवली. काठीवर हनुवटी टेकून पाहत होत्या. म्हणाल्या, "तुया डोक्यावर टोपली हाये का?"

"नाही."

"मंग मान काहून धरली?"

वीस वर्षं मासळीची टोपली डोक्यावर घेऊन चालले. कंबर हलली तरी मान हलू द्यायची नाही, नाहीतर पाणी गळ्यात. टोपली घरी, तरी मान टोपलीखालीच! जाळं फिरवताना कंबर वळते, खांदा वळतो, मान मात्र खांबासारखी. त्यामुळे गोळी दातातून उशिरा सुटते आणि घेर मिटतो.

सासूबाईही टोपली नेत होत्या, चाळीस वर्षं. म्हणून तर त्यांना दिसलं. यांना कधी दिसलं नसतं. बरं, मानेचं म्हणाल तर हेही हल्ली अख्खी मान वळवून पाहतात, घुबडासारखं. मी म्हटलं, "तुमच्या डोक्यावर कोणाची टोपली?" तर हे जाळं झटकायला लागले.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. पोरगी, डिंपल, होस्टेलातून आली नि गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "आई, बाबा फटफटी काहून नाही चालवत?" मी म्हटलं, खांद्यामुळे. खरं सांगायचं तर तो खांदा मला खोटा वाटायला लागला आहे. कालच यांनी धानाचं पोतं त्याच खांद्यावर घरात आणलं. मी मोठ्यानं म्हटलं, "वा! पोतं चालते, जाळं नाही चालत!" तोंडावर आळशी म्हटलं, तर हे पोतं ठेवून परसात गेले. आळस, दुसरं काय. बायकोला उन्हात उभं करून स्वतः काठावर बसायची सोय. राग येतो. लिहून टाकला, आता बरं वाटतं.

मान सुटते आहे थोडी थोडी. दहात चारदा गोल.

९ नोव्हेंबर, शनिवार

डोंगा! आजपर्यंतचं सगळं शिकणं काठावर राहिलं. डोंग्यात उभं राहून जाळं पुढं फेकलं की डोंगा मागं पळतो. मी मधल्यामधे तलावात. कमरेएवढं पाणी होतं म्हणून निभावलं. डोंगा वल्हवायला चिंधूबुवा होते, सोसायटीतले सगळ्यात म्हातारे. ते म्हणाले, "गुडघे नरम ठेव पोरी, डोंग्याशी भांडू नोको."

पाचव्या का सहाव्या वेळी गुडघ्यांना आपोआप कळलं. मी काही ठरवलं नव्हतं. फेकायच्या आधीच पाय दाबले जात होते, डोंगा मागं जाणार हे त्यांना अगोदरच माहीत असल्यासारखे. कोणी सांगितलं त्यांना?

घरी आल्यावर चूल डुलत होती. जेवेपर्यंत डुलत होती. यांना सांगितलं तर हे फार उत्सुकतेनं विचारायला लागले. "पाय कुठी टाकते ते समजते का तुले तवा? का अंदाजानं टाकते?" एवढी चौकशी यांनी लग्नात केली नव्हती.

११ नोव्हेंबर, सोमवार

नवीन दुखणं. आता सगळं माहीत झालं, तर माहितीच आड येते. हात, कंबर, मान, गोळी, गुडघे, असं मनात म्हणत फेकलं की जाळं मिटतं. आज हे म्हणाले, "फेकता फेकता सांग, बाजारात काल कोण कोण आलं होतं." मी सांगायला लागले. मंगलाबाईनं रोहू म्हणून कतला विकला, गिऱ्हाइकानं पकडलं, मग काय तमाशा... आणि जाळं गोल. परत गोल. गोष्ट संपली नि मी विचार केला, वा, जमलं की! झालं, पुढचं मिटलं.

"आवाज ऐकला?" हे म्हणाले. "गोल पडलं की एकच आवाज येते. मिटलं की तीन-चार येतात."

मी कान दिला. खरंच. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. यांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत? म्हणाले, "होळीपासून." मला उमजलं नाही. हे तर पंचवीस वर्षं फेकतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. विक्की दुपारी घरासमोरून दोनदा गेला. वाईट पोरगा नाही तो, त्यालाही हिस्सा हवाच आहे. पण मला माझा सोडायचा नाही. आज दहात सातदा गोल पडलं. म्हणजे उद्या तीनमधून... जाऊ दे. हिशोब करून आजवर काही पडलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार, रात्री

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सगळं गाव पाळीवर. डफडी, नारळ, पोरंसोरं, बायका तर झाडून आलेल्या. नऊ जणांनी फेकलं, नवांचं गोल. मग माझं नाव. चिंधूबुवांनी डोंगा आत नेला. हे काठावर बाभळीखाली उभे राहिले, मी म्हटलं होतं, मला दिसेल असे उभे राहा.

पहिली फेक. पायापाशी. अंगणातल्या पहिल्या दिवसापेक्षा वाईट. काठावरून कोणीतरी म्हणालं, "टोपलीच बरी होती." दुसरी फेक. हात, कंबर, मान म्हणत फेकली, अर्धं उघडलं, पानाच्या विड्यासारखं. टेकचंदभाऊंनी दोन बोटं वर केली. विक्कीनं तोवर शर्ट काढून हातात घेतला होता.

तिसऱ्या वेळी जाळं गोळा करायला वेळ लागला. तेवढ्यात वाऱ्यानं डोंगा सरकला, बराच, डावीकडे. बांधाच्या दगडापर्यंत. अख्खं गाव मान वळवून माझ्याकडे पाहत होतं. मी यांच्याकडे पाहिलं.

हे अजून उजवीकडेच पाहत होते. जिथं मी आधी होते तिथं. त्या रिकाम्या पाण्याकडे बघून यांनी हात वर केला आणि मान डोलावली, घाबरू नको म्हणून, आणि हसले. डफडी जोरात वाजत होती. कानाला काही कळत नव्हतं यांच्या.

डावा हात, गुंड, पोतं, फटफटी, पाळीवर मी पुढं, सगळं एकदम आठवलं. आई गं! यांना दिसत नाही.

जाळं कधी फेकलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. हाताला विचारा. चिंधूबुवा ओरडले, काठावर एकच गलका झाला. मी पाहिलं तेव्हा जाळं पाण्यात उतरत होतं आणि त्याचा गोल पाण्यावर अजून होता. थाळीसारखा, एवढा मोठा माझा कधीच पडला नव्हता.

रजिस्टरात नाव चढलं. मी रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी विचारलं. यांनी लपवलं नाही. होळीपासून बाजूचं दिसेनासं झालं. आता समोरचं तेवढं, नळीतून पाहिल्यासारखं, तेही धूसर.

"काहून नाही सांगितलं जी? मी कोण हाये तुमची?"

"सांगितलं असतं त तू मायाकडे पायत बसली असती. जाळं कोण शिकलं असतं?"

"मी तुमाले आळशी म्हटलं."

"ऐकलं ना. कान चांगले हायेत."

दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दोन तासही निघाले नाहीत. आळशी म्हटल्याचं मात्र गिळता येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचबिंदू. गेलेली नजर येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येईल, रोज, वेळेवर, जन्मभर. आठ महिने आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. परत येताना एसटीत यांचा हात धरून बसले. लोक बघत होते, बघू देत.

दुपारी हे झोपले होते. सासूबाई धुरपताबाईकडे. मी अंगणात उभी राहिले, डोळे मिटले आणि दारापासून गुंडीपर्यंत जाऊन पाहिलं, हे जातात तसं. उंबऱ्याला ठेच लागली. मग भिंत सापडेना. मग हात पुढं करून चालले, तर सासूबाईंच्या बाजेवर आदळले. परत केलं. परत चुकलं. सातव्या वेळी गुंडीला हात लागला, तोही अंदाजापेक्षा एक पाऊल आधी, म्हणून पाणी सांडलं.

हे दिवसातून वीसदा ती वाट चालतात. पाय अजिबात अडखळत नाही. किती दिवस लागले असतील? किती वेळा आदळले असतील, कोणत्या वेळेला, कोणी पाहू नये म्हणून? मी माझ्या हाताचं, मानेचं, गुडघ्यांचं इतकं सगळं लिहिलं. यांनी तर घर, अंगण, पाळ, सगळं नव्यानं शिकून घेतलं. एकट्यानं. आणि मी घरातच होते.